जनान्याची मोटार

कार्तिक वद्य द्वितीया, शके १८५९. जालना.

आज मोटार घेतली. एवढं लिहून मी उठलो, बाहेर जाऊन ती जागेवर आहे ना ते बघून आलो आणि आता पुन्हा लिहायला बसलोय. आहे जागेवर. कुठं जाणार?

जालन्यात येऊन मला अजून आठवडा व्हायचाय. स्टेशनापासून जवळच, कापसाच्या वखारीमागं एक खोली आणि तिला लागून पत्र्याची शेड अशी जागा मिळाली. खोलीपेक्षा शेड मोठी. घरमालक हसला, म्हणाला, माणसाला जागा कमी अन् गाडीला जास्त, असा भाडेकरू पहिल्यांदाच बघून राह्यलो. मी म्हटलं, माणूस पाय दुमडून झोपतो, मोटारीला पाय दुमडता येत नाहीत.

मोटार अंबडच्या एका मोठ्या मुसलमान घराण्याची. विकणारे त्यांचे कारभारी लतीफमियाँ. गाडी काळी, बंद बांधणीची, वापरलेली पण जपलेली. पुढच्या बैठकीच्या मागं छतापासून खालपर्यंत सागवानी फळी आणि मागच्या खिडक्यांना जाड हिरवे पडदे. घरच्या बायकांसाठीच ती ठेवलेली होती. ड्रायव्हरनं मागं बघायचं नाही, बोलायचं नाही. आतून फळीवर एकदा ठोकलं की थांबायचं, दोनदा ठोकलं की निघायचं. लतीफमियाँ मला हे समजावू लागले तेव्हा मला गंमत वाटली. औरंगाबादेला एका वकीलसाहेबांच्या जनान्याची मोटार मी इतकी वर्षं चालवली की हे सगळं माझ्या पायालाच पाठ आहे. मागं टक झालं की डोक्यात काही यायच्या आत पाय ब्रेकवर जातो. का विकताय असं विचारलं, तर लतीफमियाँ पडद्याच्या गोंड्याशी चाळा करत राहिले. मंग म्हणाले, मोटारीत बसणारं कुणी राह्यलं न्हाई.

काकासाहेब म्हणजे माझे चुलते. वडिलांमागं त्यांनीच मला वाढवलं. देशमुखाच्या पोरानं दुसऱ्याची बायकामाणसं हिंडवावी हे त्यांना अजून पचलेलं नाही. पण भाड्याचं निमित्त सांगत असलो तरी ही मोटार मी सगुणासाठी घेतली आहे. ती तीर्थपुरीला काकांकडं आहे. सहावा संपत आलाय. पहिल्या खेपेला तिला बैलगाडीत घालून जालन्याच्या दवाखान्याकडं निघालो होतो. अंबडही आलं नव्हतं, तेव्हाच मुलगा झाला आणि गेला. त्या दिवसाचं मी कुणाशी बोलत नाही. या खेपेला सगुणा वेळेवर दवाखान्यात पोचली पाहिजे. मला दुसरं काही नको.

कार्तिक वद्य पंचमी

काल संकष्टी. राजूरच्या गणपतीला जाणारं भाडं मिळालं. स्टेशनाबाहेर कचरूचं हॉटेल आहे, त्यानं गिऱ्हाईक आणून दिलं आणि वर चहाही पाजला. मोटार अशी पळाली की मला माझाच हेवा वाटला. खोडी आहेत. क्लच थोडा चावतो, पाणी जल्दी तापतं, डाव्या दाराची कडी उचलून लावावी लागते. जुनी गाडी दुसऱ्याच्या घरात वाढलेली असते, तिचे लाड आपण शिकून घ्यायचे. कचरूनं विचारलं, ती फळी काढून टाकली तर अजून माणसं बसतील की. मी म्हटलं, जालन्यात गोषातल्या बायका काय कमी आहेत? त्यांना नेणारी दुसरी मोटार दाखव.

कार्तिक वद्य दशमी. तीर्थपुरी.

वही गावाकडं सोबत आणली ते बरं केलं. आजचा दिवस लिहून ठेवला पाहिजे.

मोटार वेशीतून आत आली तेव्हा अर्धं गाव मागं धावत होतं. काकासाहेब ओट्यावरून उठले नाहीत, पण मान लांब करून बघत होते. मंग म्हणाले, आवाज बराबर आहे. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ झालं.

दुपारी सगळे जेवून लवंडले. काकूनं, म्हणजे पुष्पाबाईनं, सगुणाला मागच्या दारानं गोठ्याकडं आणलं. मोटार तिथं सावलीला उभी होती. काकू म्हणाली, बघून घे गं, नवऱ्यानं तुला सवत आणली. आणि स्वतः राखणीला दारात बसली. आमच्या घरात सून सासऱ्या-चुलतसासऱ्यांसमोर तोंड उघडत नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, काकांनी सगुणाचा आवाज ऐकलेला नाही. माझ्याशीसुद्धा ती घरात बोलते ते कुजबुजून.

मी तिला मागं बसवलं, दार लावलं आणि गोठ्याच्या आवारातच मोटार हलवली. ठोकायची रीत तिला सांगून ठेवली होती. हातभर पुढं गेलो की टक. थांबलो. टक टक. निघालो. लगेच पुन्हा टक. ती खेळतच बसली. उतरली तेव्हा डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसत होती. पदर तोंडाशी धरून म्हणाली, माझ्या एका बोटावर एवढं धूड थांबतंय, अन् घरात मी थांबा म्हणलं तर कुत्रंबी थांबत न्हाई. पोटावर हात ठेवून हसणारी सगुणा बघून मला फार बरं वाटलं. पुढच्या खेपेला तिला घेऊनच जायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं.

कार्तिक वद्य एकादशी. जालना.

परत येताना मोटार पहिल्यांदा रुसली.

अंबड सोडून बरंच पुढं आलं की एक ओढा लागतो. उतार, वाळू, मग बाभळींमधून चढ. चढावर मागं टक झालं आणि माझा पाय ब्रेकवर गेला. मागं कुणी नाही हे थांबल्यावर लक्षात आलं आणि मी स्वतःलाच शिव्या घातल्या. एवढ्यात इंजीन आचके देऊन बंद पडलं. पुढं उभं राहून हँडल मारून मारून खांदे भरून आले. दाद नाही. शेवटी दगडावर बसून भाकरी खाल्ली, पाणी प्यालो आणि ऊन उतरू लागलं तेव्हा सहज हँडल फिरवलं तर एका फेरीत सुरू. मला वेड लावायचा विचार दिसतो हिचा.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

औरंगाबादेचे माझे उस्ताद सांगायचे, एका वेळी एकच वस्तू बदलायची, नाहीतर दुखणं कुठं होतं ते कळत नाही. त्याप्रमाणं चाललंय. पेट्रोलची नळी काढून फुंकली. कार्बोरेटर उघडून धुतला. प्लग घासले. मॅग्नेटोच्या टोकांना कानस लावली. प्रत्येक वेळी अंबडला जाऊन परत आलो. जाताना काही नाही. येताना त्याच चढावर टक, आणि बंद.

चढावर टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नसेल म्हणून काल उलट्या गियरमध्ये मोटार मागं मागं चढवली. जुन्या मोटारींना ही युक्ती चालते. गुरं राखणाऱ्या बाया पोट धरून हसल्या. म्हणाल्या, तिकडं तोंड करून जालना येणार न्हाई, बाबा. उलट्या गियरमध्येही टक झालं. उलट्या गियरमध्येही पाय ब्रेकवर गेला.

काकांचा निरोप आला, सून कधी नेतोस. मी कळवलं, गाडी बिलकुल नीट झाल्याशिवाय सगुणाला तिच्यात बसवणार नाही. वाटेत अडकायचं असेल तर बैलगाडी काय वाईट होती?

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

फळीवर आलो. टक होतं ते फळीचं, तर फळीच वाजत असणार. सगळे स्क्रू आवळले. कडेनं जाड लोकरी नमद्याचे तुकडे ठोकून बसवले. आता ती मुठीनं मारली तरी नीट वाजत नाही. चढावर मात्र टक झालं, स्वच्छ, बोटाच्या पेरानं ठोकल्यासारखं.

मी उतरून मागचं दार उघडलं. कुणी नाही. बैठकीची गादी एका कोपऱ्यात दबलेली होती. मी हात फिरवून सारखी केली. मला मेंदीचा वास आला असं वाटलं, पण बाभळी फुलल्या असतील म्हणून सोडून दिलं. मग नेहमीप्रमाणं वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं आतून टक टक झालं. हँडल मारलं, इंजीन सुरू.

म्हणजे थांब म्हणते तेव्हा थांबते आणि चल म्हणते तेव्हा चालते. कोण, ते मला लिहायचं नाही. मी मोटार दुरुस्त करणारा माणूस आहे.

मार्गशीर्ष वद्य तृतीया

अंबडहून जालन्याला बुरख्यातल्या दोन बायका आणि त्यांची म्हातारी मोलकरीण लालबी असं भाडं मिळालं. चढावर टक. थांबलो, रीतीप्रमाणं उतरून लांब गेलो आणि पाठ करून उभा राहिलो. कुणी उतरेना. शेवटी लालबीच दार उघडून तावातावानं आली. म्हणाली, थांबवली कशाला? आम्ही कुणी ठोकलं न्हाई. अन् आम्हाला मोटार ठरवून दिल्यावर ती चौथी बाई मागं कशाला निजवून ठेवली? बायका अंग चोरून बसून राह्यल्यात, तिला पाय लागू नये म्हणून.

मी दाराशी गेलो नाही. जाऊ शकत नव्हतो, आत पडद्यातल्या बायका होत्या. लालबीनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग मोटारीकडं बघितलं. पडद्याचा गोंडा हातात घेऊन उलटसुलट केला आणि रस्त्यातच मटकन बसली. गोंडे तिनंच विणले होते. ती आधी लतीफमियाँच्या मालकांच्याच घरात कामाला होती.

तिनं सांगितलं ते असं. ताहेरा त्या घरची धाकटी सून. दिवस भरत आले तशी तिला जालन्याला न्यायला काढली. मागं गादी टाकून निजवली. पुढं ड्रायव्हर इस्माईल आणि तिचे सासरे. लालबी सामान घेऊन टांग्यात मागून येत होती. लालबी म्हणाली, हितं चढावर तिनं ठोकलं, बेटा. इस्माईलनं बराबर थांबवली. दोघं उतरले, अदबीनं त्या बाभळीखाली गेले, पाठ करून उभे राह्यले. बाईमाणसाला काय लागंल ते लागंल, आपण कसं बघावं? दोनदा ठोकल्यावर निघायचं. तिनं ठोकलंच न्हाई. ते आपले उभेच. माझा टांगा आल्ता तवर ऊन कलल्तं. मीच दार उघडलं. ती थंड पडल्ती. मग हातातला गोंडा सोडून म्हणाली, एक हाक मारून विचारायचं व्हतं कुणीतरी.

बायका चढ पायी चढल्या. मी बाभळीकडं बघत उभा राहिलो. मला भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

मार्गशीर्ष वद्य नवमी

दोष सापडला. तो मोटारीत नाही, माझ्या पायात आहे. टक झाल्यावर थांबलो तरच इंजीन जातं. नाही थांबलो तर? आज दात-ओठ खाऊन ॲक्सिलरेटर दाबून धरला. पाय ब्रेककडं ओढ घेत होता. मागून टक, पुन्हा टक, चढ संपेपर्यंत टक. माथ्यावर आलो आणि सगळं शांत. जालन्यापर्यंत मोटार लोण्यासारखी आली.

आता रोज हाच सराव. वर्षानुवर्षांची सवय मोडायची आहे. मोडेल. ठोकण्याकडं लक्ष द्यायचं नाही, एवढंच पायाला शिकवायचं. वाईट एवढंच वाटतं, की एक बाई मागून ठोकत असते आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. मी मोठ्यानं म्हणतो, माफ कर, ताई. तुझ्यासाठी आता काही करता येत नाही. माझी बायको यायची आहे.

पौष शुद्ध पंचमी

पाय शिकला. आता टक झालं तरी हलत नाही.

शिवाय फळीच काढून टाकून बघितली. फळी नाही तर ठोकणार कशावर? चढ मुकाट्यानं गेला. तशीच मोटार तीर्थपुरीला नेऊन काकांना दाखवली. सगुणाला आठवा लागलाय आणि आठव्यात वेस ओलांडायची नाही, म्हणून माघात न्यायचं ठरलं. काकांनी मोटारीत डोकावून विचारलं, फळी कुठाय? ते स्वतः येणार आहेत. म्हणाले, मागल्या टायमाला मी आल्तो न्हाई, ते मला अजून खातं. या टायमाला मी बिलकुल सोडणार न्हाई, पुढं तुझ्याजवळ बसतो. अन् मी पुढं असल्यावर सुनेनं उघड्यावर कसं बसावं? म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बरं म्हटलं. सगुणाजवळ मागं काकू बसणार आहे, म्हणजे काळजी नाही. परत आल्यावर फळी जागच्या जागी बसवली. मीच बसवली.

सगुणाला मोटारीतलं हे सगळं सांगितलेलं नाही. पोटुशी बाई, उगीच घाबरेल.

पौष वद्य त्रयोदशी

दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटून आलो. त्या म्हणाल्या, आधीच घेऊन येताय हे शहाणपण केलंत. खोली सारवून घेतली. कचरूच्या बायकोनं घोंगडी दिली. मोटारीला नवं पाणी, नवं तेल. डाव्या दाराची कडी तेवढी राहिली, बाकी एकही खोड शिल्लक ठेवलेली नाही. मला झोप येत नाही, पण ती आनंदानं.

माघ शुद्ध षष्ठी

सगुणा गेली. मुलगी होती. तीही गेली.

माघ शुद्ध नवमी

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

तीर्थपुरीहून निघालो तेव्हा सगुणा चांगली होती. मागं काकू होती. काकू कधी मोटारीत बसलेली नव्हती. अंबडपर्यंत तिला ओकाऱ्यांनी हैराण केलं. अंबडला तिच्या भावाचं घर आहे, तिथं ती उतरली आणि खाटेवर पडली. म्हणाली, मी टांग्यानं मागून येते, तुम्ही व्हा पुढं. सगुणा मागं एकटी राहिली.

तेव्हा मला तिला एवढंच सांगायचं होतं, ठोकू नको, काही झालं तर ओरड, काका असले तरी ओरड. पडद्यात तोंड घालून दोन शब्द. पण गल्लीत काकूच्या माहेरची माणसं, शेजारच्या बायका ओट्यावर, काका दाराशी. चार माणसांत नवरा बायकोच्या पडद्यात डोकावतो हे बरं दिसणार नाही असं मला वाटलं. असं वाटलं मला. मी पुढं जाऊन हँडल मारलं.

ओढ्याच्या पुष्कळ अलीकडं, रस्त्याकडेच्या विहिरीपाशी टक झालं. पाय हलला नाही. पुन्हा टक. मी मनात म्हटलं, माफ कर, ताई, आज तर नाहीच. आज थांबलो तर मोटार जागेवर मरेल आणि सगुणा अडकेल. काकांनी विचारलं, काय वाजून राह्यलं रे? मी म्हटलं, फळी ढिली झालीय. ओढा गेला. चढ गेला. माथ्यावर थांबायची ती टकटक थांबली नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. रोज इथं थांबते, आज का थांबत नाही, असं मी स्वतःला विचारलंही. आणि ॲक्सिलरेटर आणखी दाबला. वखारीचे पत्रे दिसले तेव्हा मागं शांत झालं. माझा जीव भांड्यात पडला.

दवाखान्याच्या दारात मी उतरून मागचं दार उघडलं. गादी रक्तानं भिजून खाली ओघळ लागला होता. ती फळीला टेकून बसली होती. उजव्या हाताच्या पेरांची सालं निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, हिनं वाटेत काही सांगितलं नाही का तुम्हाला?

माघ शुद्ध द्वादशी

काका माझ्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसतात. आज बोलले. म्हणाले, भुजंगा, मी आवाज ऐकल्ता. विहिरीच्या पुढं. बारीक, अहो, अहो, असा. मला वाटलं मोटारीचंच काही करकरून राह्यलं. तिचा आवाज मी जन्मात ऐकला न्हवता रे. मला कसं कळावं?

मी त्यांच्याजवळ बसून राहिलो. इंजिनाच्या आवाजात मला ती हाक ऐकू आली नाही. मला तो आवाज माहीत होता. मला कळलं असतं.

माघ वद्य प्रतिपदा

काकांना काकू घेऊन गेली. लतीफमियाँ आले होते. खाली मान घालून म्हणाले, मोटार परत नेतो, आम्ही सांगाया पाहिजे होतं. मी नाही म्हटलं. त्यांची सून गेली त्यांच्या मोटारीत. ही आता माझ्या घरची आहे.

माघ वद्य तृतीया

अंबडपर्यंत जाऊन आलो. एकटा. चढावर टक झालं नाही. थांबलो, इंजीन चालू राहिलं. ताहेरा मोकळी झाली असेल. माझं काय—

माघ वद्य चतुर्थी

विहिरीपाशी टक.

चढावर नाही. विहिरीपाशी. थांबलो, धावलो, दार उघडलं. कुणी नाही. गादी नवी घातलेली, कोरडी. पण हात लावला तर ऊब होती. सगुणा आत्ताच उठून गेल्यासारखी. तिथंच बसून मी खूप रडलो. आनंद झाला होता हेही लिहितो.

माघ वद्य षष्ठी

रोज जातो. रोज ठोकते. ब्रेक मारून, उतरून, कडी उचलून दार उघडेपर्यंत संपतं. ती डाव्या दाराची कडी. उचलावी लागते. तेवढाच उशीर—

आज हाक ऐकली. अहो. मला ऐकू आली.

माघ वद्य अष्टमी

कचरूनं हँडल लपवून ठेवलं. म्हणाला, तू वेडा व्हून राह्यलास, देशमुखा, गावाकडं जा. त्याच्या पाया पडलो. दिलं त्यानं. देताना बघत नव्हता माझ्याकडं.

पुढं बसून तिच्यापर्यंत पोचत नाही. नेहमी फळी मध्ये. तर मागं बसायचं. उद्या दिवसाच—

माघ वद्य नवमी

विहिरीपाशी. मोटार उभी केली, इंजीन बंद केलं. हँडल माझ्या पायाशी आहे. मागं आलो, आतून दार लावून घेतलं. पडदे ओढले. गादीवर बसून लिहितोय.

इकडच्या बाजूनं फळी मी कधी बघितली नव्हती. खाली, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल तिथं, लाकूड काळं पडलंय.

ती आली. शेजारी आहे. बघत नाही, बघितलं तर जाईल. हात मिळाला. गरम आहे. नाडी लागते. पोटात हललं, माझ्या हाताला हललं—

अजून वेळ आहे. दवाखाना लांब नाही. उतरून पुढं जातो आणि

पुढं कुणीतरी हँडल मारलं.

हँडल माझ्या पायाशी आहे.

चाललो. धक्के बसतायत, अक्षर— कडी आतून निघत नाही. सगुणा ठोकतेय. मी ठोकतोय. थांबत नाही. ओढा आला

पुढं काका काहीतरी विचारतायत. उत्तर देणारा आवाज माझा आहे

थांब. अरे थांब, भुजंगा, दार उघड, ती अजून जिवं—